सामाईक भिंत

सिमेंट एका पिढीपुरतं असतं, चुना मात्र सात पिढ्यांना जोडून ठेवतो, असं धाकट्या भावाचं ठाम मत होतं. ते त्याने थोरल्याला वकिलामार्फत कळवलं.

दोघांची घरं शेजारी, मधली भिंत सामाईक. ती पडल्यापासून थोरल्याला रोज दात घासताना धाकट्याचं तोंड बघावं लागे. आई धाकट्याकडे असायची. ती गेली हे थोरल्याला दूधवाल्याने सांगितलं होतं. तेव्हापासून ते तोंड पुन्हा दिसू नये, एवढंच त्याचं मागणं होतं. थोरला पंप दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या फार मागण्या नसतच. धाकटा पारंपरिक बांधकामावर व्याख्यानं देत हिंडे. चुन्याशिवाय कशालाच तो राजी होईना, म्हणून थोरल्याने दात-ओठ खात होकार दिला.

चुना किती सावकाश धरतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"आज दोनच थर," गवंडी म्हणाला.

"दोन? सिमेंटची असती तर एव्हाना रंग लागला असता!" थोरला म्हणाला.

"वर ओझं टाकलं तर खालचा ओला चुना दबतो. आणि दोन्हीकडून रोज पाणी मारा, नाहीतर तडकेल."

हातभर अंतरावरून धाकटा गवंड्याला म्हणाला, "त्यांना सांग, त्यांच्याकडून पाणी कमी पडतंय."

"ह्याला सांग, पंपवाल्याला पाणी शिकवू नकोस म्हणावं."

"दादा, उगाच—"

"आई गेली तेव्हा कुठे गेला होता दादा?"

"फोन केला होता मी."

"कितीदा?"

"एकदा."

"एकदा! चुन्यात गुळाचं पाणी ओततोस, जरा जिभेलाही लाव."

गवंडी थापी धुऊ लागला. असल्या वेळी तो नेहमी थापीच धुई. एवढी लख्ख थापी पंचक्रोशीत नव्हती.

सिमेंटने आठवड्यात मिटवलं असतं ते भांडण चुन्याने दोन महिने पोसलं. भिंत कमरेला आली तेव्हा वडिलांचा विषय निघाला, छातीला आली तेव्हा बायकांच्या माहेरांचा. हनुवटीला लागल्यावर दोघे टाचा उंचावून भांडले. थोरला रोज आपली बाजू भिजवी आणि पाईप वर धरून पलीकडचीही. माया वगैरे काही नाही. भिंत तडकली तर ती पुन्हा पायथ्यापासून बांधेपर्यंत ते तोंड बघावं लागलं असतं.

भिंत डोक्यावर गेली. शेवटचा थर बसला त्या दिवशी थोरल्याने दुकान लवकर बंद केलं, भिंतीशी खुर्ची टाकली आणि चहा मागवला. पलीकडे चिटपाखरू नव्हतं.

"दोन दिवस गप्प कसा तो?"

"ते परवाच गेले की," गवंडी म्हणाला. "घर विकलं. फ्लॅट घेतलाय."

"मला कोणी बोललं नाही."

"मला वाटलं, माहीत असेल. सख्खे भाऊ तुम्ही."

थोरल्याने चहा संपवला.

"चुन्याचा आहे का फ्लॅट?"

"छे हो," गवंडी म्हणाला. "सोळा मजले आहेत."