पावाच्या ट्रेमधले शेत

मी एक जुना ट्रे आहे, मित्रांनो. पत्र्याचा, हातभर लांब, एका कोपऱ्यात पोचा पडलेला आणि तळाला बेचाळीस भोके असलेला. ही भोके गंजाची नाहीत. ती मला मुद्दाम पाडली गेली, आणि का पाडली तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. एका अवजड यंत्राने एकाच दणक्यात मला आकार दिला. पुढे टेबलाशी बसलेल्या बाईने माझ्या चारही कडांवरून अंगठा फिरवला, "हात नाही कापणार कुणाचा," असे म्हणाली आणि मला बाजूच्या थप्पीवर ठेवले. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका मालवाहू बोटीवर आलो. बोटीचे स्वयंपाकघर म्हणजे चार पावलांची खोली. भांडी घसरू नयेत म्हणून शेगडीभोवती लोखंडी कठडा, भिंतीला कुलूपबंद कपाटे आणि शेगडीसमोर एक गोल खिडकी. तिथला आचारी पन्नाशीचा, बुटका आणि कमी बोलणारा होता. सगळे त्याला काका म्हणत. काकांनी एकदा मनावर घेतले की ते त्यांच्या डोक्यातून काढायला पहार लागायची. रोज पहाटे ते माझ्यात पाव भाजायचे. पाव टम्म फुगून वर आले की अठरा माणसे वासानेच जागी व्हायची. "काकांचा पाव खाल्ला की घर आठवतं," असे कुणीतरी म्हणायचे आणि मी आतल्या आत अभिमानाने तापायचो.

पण दिवस सारखे नसतात. एका वादळात मी फळीवरून पडलो आणि माझा कोपरा चेपला. पाव एका बाजूला कच्चे राहू लागले. मग नवे, चकचकीत ट्रे आले आणि मी कपाटाच्या तळाशी कांद्याच्या पोत्याखाली गेलो. दोन वर्षे माझ्यावर कांद्याची सालेच काय ती पडत होती.

अशात बोटीचे यंत्र मोडले. बोटीचा पंखा फिरवणारा मोठा दांडाच तुटला. दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढत नेले आणि एका उजाड बेटाच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला. नवा दांडा लांबून यायचा होता. "आठवड्याभरात येईल," असे सगळे म्हणाले. त्या 'आठवड्याभरात'ला पुढे अडीच महिने लागले. पंधरा दिवसांनी एक होडी यायची. तांदूळ, पीठ, कडधान्ये, तेल आणि प्यायचे पाणी आणायची. भाजीही निघायची तिकडून, पण दोन दिवस उन्हात प्रवास करून आमच्यापर्यंत यायचा तो चिखल. डब्यातली फळे तर केव्हाच संपली होती.

यंत्राला तेलपाणी करणारा एक धिप्पाड गडी होता. त्याला तेलवाला म्हणत. त्याचे हसणे तळघरातून वरपर्यंत ऐकू यायचे. ते हसणे हळूहळू बंद झाले. तो जिना चढताना मध्येच बसू लागला. नडगीवरची साधी जखम महिना झाला तरी भरेना. आणि एके सकाळी त्याचा अर्धा खाल्लेला पाव परत आला, तर त्यावर लाल डाग होते.

काकांनी तो पाव हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि सरळ बिनतारी यंत्राच्या खोलीत गेले. मी कपाटात होतो, पण ती खोली लागूनच होती आणि आवाज मोठा होता. पलीकडून डॉक्टरबाई बोलत होत्या.

"ताजं काही पोटात जात नाही, म्हणून हिरड्या सुटल्यात. गोळ्या पाठवते पुढच्या होडीनं. तोवर ताजं काय आहे तुमच्याकडे?"

"मासे आहेत, बाई."

"मासे खाच, पण त्यानं हे भागायचं नाही. मूग आहेत?"

"दोन पोती."

"मग भाजी तुमच्या कोठारातच आहे की! मोड आणा त्यांना. कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व नसल्यात जमा असतं. दाणा भिजून जागा झाला की तो स्वतःच ते तयार करायला लागतो. मोहरी असेल तर तीही पेरा. बोटभर वाढली की पानं कापून खा. औषध नव्हे हे, अन्न आहे. रोज खाल्लं तरच उपयोग."

काकांनी कांद्याचे केव्हाच रिकामे झालेले पोते बाजूला सारले आणि मला बाहेर काढले. नवे ट्रे पावासाठी लागत होते. मी रिकामाच होतो.

पहिला प्रयोग मात्र फसला, आणि त्यात माझाही वाटा होता. काकांनी भिजवलेले मूग माझ्यात पसरले, वर ओले फडके टाकले आणि ऊब मिळावी म्हणून मला शेगडीजवळ ठेवले. मोड भराभर आले. सगळ्यांनी ते कच्चेच खाल्ले. "काका, आम्ही बोटीवरची माणसं की गोठ्यातली?" अशी थट्टाही झाली. पण माझ्या चेपलेल्या कोपऱ्यात दोन दिवस पाणी साचून राहिले होते. तिथले दाणे बुळबुळीत झाले होते. मला ते कळत होते, पण ट्रेला तोंड कुठे असते? दुसऱ्या दिवशी दोन माणसांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले.

कप्तानसाहेब स्वयंपाकघरात आले. उंच माणूस, रागावला की आवाज आणखी खाली जायचा.

"आचारी, सगळ्यात जवळचा दवाखाना दोन दिवसांवर आहे. अठरा माणसं माझ्या भरवशावर आहेत. हे बंद कर."

"साहेब, मूग वाईट नव्हते. माझी निगा वाईट होती."

"तेच म्हणतोय मी."

"निगा सुधारता येते, साहेब. त्याच्या हिरड्या आपोआप सुधारायच्या नाहीत."

कप्तानांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर पाणी आणि बेटावरचे उघडे दगड. मग म्हणाले, "दहा दिवस देतो. आधी तू स्वतः खायचंस. आणि कुणाचं पोट पुन्हा बिघडलं, तर हा ट्रे समुद्रात."

त्याच दुपारी काकांनी मला लाकडी ठोकळ्यावर पालथे घातले आणि खिळा हातोडी घेतली. प्रत्येक घाव माझ्या अंगभर घुमला. बेचाळीस वेळा. पोच्याच्या कोपऱ्यात तर त्यांनी सहा भोके एका जागी पाडली, म्हणजे थेंबही साचू नये. पाव भाजण्याचा माझा जन्म तिथे संपला. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले. पण कांद्याच्या सालांखाली पडून राहण्यापेक्षा भोकांसकट कामाला येणे बरे, हेही मला तेव्हाच कळले.

मग काकांनी मला घासले, उकळते पाणी ओतले, उन्हात वाळवले. जुन्या चादरीचे दोन तुकडे उकळून घेतले. एका अर्ध्या भागात मोडासाठी मूग, दुसऱ्या अर्ध्यात ओल्या कापडावर मोहरी. मूग दिवसातून तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवायचे, असा त्यांनी नेम केला. आता पाणी आणायचे कुठून? प्रत्येकाला अंघोळीसाठी रोज एक बादली गोडे पाणी मिळायचे. काकांनी आपली बादली मुगांना दिली आणि स्वतः समुद्राच्या पाण्याने अंघोळ करू लागले. मिठाने अंगाला खाज सुटायची. पातेले ढवळता ढवळता ते दाराच्या चौकटीला पाठ घासायचे. माझ्या भोकांतून निथळलेले पाणीही वाया जात नसे. त्याने फरशी पुसली जाई.

मोहरी तीन दिवस झाकलेली होती. झाकण काढले तेव्हा फिकट पिवळे देठ दाटीवाटीने उभे होते. काकांनी मला गोल खिडकीखाली ठेवले आणि संध्याकाळपर्यंत सगळी पाने हिरवी झाली. ती उजेडाकडे झुकायची, म्हणून काका रोज दुपारी मला फिरवायचे. मित्रांनो, इतकी वर्षे मी भाजलेले पदार्थ अंगावर वागवले होते. माझ्यावर काही जिवंत उभे आहे, हे मी पहिल्यांदा अनुभवले.

ठरल्याप्रमाणे काकांनी आधी स्वतः खाल्ले. काही झाले नाही. मग त्यांनी मुगांना चांगली वाफ दिली, कारण त्या उलट्यांनंतर डॉक्टरबाईंनी बिनतारीवरून बजावले होते, की अशक्त माणसाला मोड कच्चे देऊ नका. तेलवाल्याचा जबडा दुखत होता, म्हणून ते चमच्याने ठेचून दिले. वर कात्रीने कापलेली मोहरीची पाने भुरभुरली. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

"काका, हे पान आहे का निखारा? नाकातून धूर निघाला माझ्या!"

"धूर निघाला म्हणजे यंत्र चालू झालं. खा."

सहाव्या दिवशी सकाळी काकांनी फडके उचलले, नाक जवळ आणले आणि थांबले. अगदी किंचित आंबूस वास होता. आदल्या रात्री उकाडा फार होता. बाहेर माणसे ताटल्या घेऊन बसली होती. काकांनी पुन्हा वास घेतला, मला उचलले आणि सगळे मूग समुद्रात टाकून दिले. मोहरीही ठेवली नाही. वळून पाहतात तर कप्तान उभे.

"किती दिवसांचं काम होतं?"

"तीन. मोहरीचं सहा."

"आणि टाकून दिलंत?"

"शंका आली, साहेब. शंका आली की टाकायचं. माणसाच्या पोटावर प्रयोग नको."

कप्तान माघारी फिरले. पण आजवर 'तू' म्हणणारे साहेब 'दिलंत' म्हणाले होते, हे माझ्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी गोड्या पाण्याची एक जादा बादली उभी होती. तिच्यावर कप्तानांच्या खोलीचा आकडा होता. मुदतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

होडी त्या खेपेला आलीच नाही. समुद्र खवळला होता. गोळ्या नाहीत, नवे पीठ नाही. आम्ही मात्र थांबलो नाही. धुवायचे, निथळायचे, फिरवायचे, कापायचे. बाराव्या दिवशी तेलवाल्याने पावाचा घास तोडला आणि पाव डोळ्यांसमोर धरला. डाग नव्हता. तो पाव तसाच हातात घेऊन तो तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत प्रत्येकाला दाखवत फिरला. नडगीची जखमही कडेने भरू लागली होती.

हा चमत्कार नव्हता. मासे होते, विश्रांती होती आणि रोजची हिरवी मूठ होती. पुढे होडी गोळ्या घेऊन आली तेव्हा डॉक्टरबाई बिनतारीवरून म्हणाल्या, "गोळ्या घ्याच. पण मोडही बंद करू नका."

शेवटी दांडा आला, यंत्र धडधडले, बोट बंदराला लागली. काकांची नोकरीची मुदत संपली होती. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवले. जिन्याशी कप्तानांनी पिशवीवर हात ठेवला.

"तुम्ही घरी जा, काका. हा राहू द्या. आम्हाला पुन्हा समुद्रात जायचंय."

काकांनी मला बाहेर काढले. सोडवत नव्हते, ते त्यांच्या बोटांवरून मला कळत होते. त्यांनी मला तेलवाल्याच्या हातात दिले. "दिवसातून तीन वेळा पाणी. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. आणि वास आला तर जीव अडकवू नको, टाकून दे." एवढे बोलून ते जिना उतरले. त्यांनी मागे पाहिले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बाजार जवळ असेल. तरी खिडकीत एखादा जुना ट्रे ठेवून पाहा. एक मूठ दाणे, ओले कापड आणि थोडा उजेड पुरतो. पण हिरवे उगवते ते निगेने. दाणे नीट धुवा, पाणी साचू देऊ नका, वासाकडे दुर्लक्ष करू नका. आणि पावावर डाग दिसेपर्यंत थांबू नका.

आज माझ्या एका अर्ध्यात मूग आहेत आणि दुसऱ्यात मेथी. मेथीचा सातवा दिवस, पाने कापायला आली आहेत. जिन्यावर तेलवाल्याची जड पावले वाजत आहेत. आता तो हात धुईल. सकाळच्या पाण्याची वेळ झाली.