कुंकवाखालचं प्लास्टर

मी एक जुनं डोकं आहे. घाबरू नका मित्रांनो, नुसतंच डोकं असलं तरी रक्तबिक्त काही नाही! मी प्लास्टरचं डोकं आहे. जन्मले तेव्हा पांढरीशुभ्र होते, आता चहा सांडलेल्या कागदासारखा रंग झालाय. चेहरा बाईचा, म्हणून बोलतेही बाईसारखीच. निघोजे गावच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर माझा मुक्काम असतो. शेजारच्या शेडमध्ये गाड्यांचे ब्रेक बनतात, पलीकडे वायरींचे जुडगे बनतात, आणि आमच्या शेडमध्ये भुतं बनतात.

खरंच, शप्पथ! सिनेमात जे राक्षस आणि हडळी बघून तुम्ही उशीत तोंड खुपसता ना, त्यातल्या काहींचे मुखवटे आमच्या विजयश्रीने घडवलेत. तिचा धंद्यातला भागीदार प्रज्वल पूर्वी कंपनीत शिफ्ट करायचा. आता तो त्याच राक्षसांची छोटी मॉडेल किट बनवतो. खोक्यात हात वेगळे, पाय वेगळे, शेपूट वेगळी. घरी नेऊन चिकटवायची आणि रंगवायची.

माझा जन्म कसा झाला ते सांगते. विजयश्री नुकतीच कॉलेजातून शिकून आली होती आणि तिला माप घ्यायला एक जिवंत डोकं हवं होतं. प्रज्वलला विचारलं तर त्याला एकदम आठवलं की बँकेत जायचंय! शेवटी तिची आई, सुमनताई, पदर खोचून खुर्चीत बसली. दातांचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला वापरतात ती गुलाबी पावडर पाण्यात कालवून विजयश्रीने आईच्या तोंडावर, डोक्यावर, पार मानेपर्यंत थापली. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. ते थर सुकून निघाले तेव्हा आत सुमनताईंच्या चेहऱ्याची पोकळी होती, आणि त्या पोकळीत ओतलेलं प्लास्टर म्हणजे मी, मडक्यासारखी आतून रिकामी आणि मानेखाली उघडी. रुंद कपाळ, गालावर कांजिण्यांचा खड्डा, सगळं हुबेहूब.

विजयश्रीची आजी आक्काबाई मला बघून म्हणाली, "अगं बया! आता सुना दोन झाल्या की. एक बोलती, एक गप. गपवालीच बरी हाय!"

"मग तिलाच सांगा भाकरी थापायला," सुमनताई म्हणाल्या, आणि शेडभर हशा पिकला.

मग माझं कामाचं आयुष्य सुरू झालं. माझ्या चेहऱ्यावर माती चढायची. मोटारींच्या कंपन्यांत नव्या गाडीचा नमुना घडवायला वापरतात ना, तीच तपकिरी माती, गरम केली की लोण्यासारखी होणारी. विजयश्री तासन्‌तास कोरत बसायची, आणि माझ्या नाकाची सोंड व्हायची, गालांवर खवले यायचे. पुरतं कोरून झालं की त्यावर ओलं प्लास्टर ओतायचं, ते सुकलं की उचलायचं. तो झाला साचा. त्या साच्यात रबराचा मुखवटा ओतायचा. माझं अंग धुऊन पुसून मी पुन्हा फळीवर, पुढच्या भुताला तयार!

पण यात एक मेख आहे. माझा जो भाग मातीखाली झाकलेला नसतो, त्यावर व्हॅसलीन चोपडावंच लागतं. नाहीतर ओलं प्लास्टर कोरड्या प्लास्टरला असं धरतं की पुन्हा सोडत नाही. विजयश्री एक हात आधी द्यायची आणि दुसरा हात ओतायच्या अगदी आधी. कधी चुकली नाही.

मग एका सकाळी सुमनताई उठल्या तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. एक डोळा मिटेना, पाणी प्यायलं तर ओठातून ओघळायचं. डॉक्टर, शेक, मालिश, सगळं झालं. डोळा सुधारला, तोंड मात्र थोडं वाकडं राहिलं ते राहिलंच. त्यांनी कंपनीतल्या पॅकिंगच्या कामावर जाणं सोडलं. शेडवर येणंही सोडलं.

तेव्हापासून विजयश्री माझ्याशी बोलायला लागली. कामावर आली की आधी माझ्या गालावरची धूळ बोटाने पुसायची. "आई, आज कल्ले कोरायचेत बघ," असं मला म्हणायची. मला! आणि घरी? एकदा आक्काबाईनेच तिला झापलं, "तुझी आई भिताडाकडं तोंड करून जेवती. दिसतंय का तुला? का हितं दगडाचेच मुके घेत बसनार हायेस?" विजयश्री हातातली कोरणी तेवढी जोरात घासत राहिली.

त्याच सुमारास तिला पहिलं मोठं काम मिळालं. डोहातली हडळ! नटीचं कपाळ आणि केस खरेच दिसणार, भुवयांपासून खाली मुखवटा. नटीच्या डोक्याचं माप माझ्याशी जुळलं आणि मी किती मिरवलं म्हणून सांगू! तीन आठवडे विजयश्री कोरत होती. गळ्यावर कल्ले, हनुवटीला माशासारख्या मिशा, ओठांच्या कडांना शेवाळ. आठवड्याभरात शूटिंग होतं आणि हे काम पसंत पडलं तर पुढचा अख्खा सिनेमा आमच्या शेडला मिळणार होता.

साचा ओतायचा दिवस आला तो नेमका खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्या सगळ्या पट्ट्यात यंत्रं धुतात, हत्यारं पुसतात, हार घालतात. आमच्याकडे पूजेची तयारी आक्काबाईची. विजयश्रीने पहिला हात देऊन मला टेबलावर ठेवलं आणि ती फुलं आणायला गेली. तेवढ्यात आक्काबाई फडकं घेऊन आली.

"आगं बया, किती त्येलकट झालीयास तू," ती मला म्हणाली. साबणाच्या पाण्याने तिने माझं कपाळ, कान, मान स्वच्छ पुसली. मातीला मात्र हात लावला नाही, शहाणी! मग म्हणाली, "सनासुदीला सुवासिनीचं कपाळ मोकळं ठेवत्यात व्हय?" आणि हळद लावली, वर ठसठशीत कुंकू लावलं.

आरती झाली, पेढे झाले. विजयश्री व्हॅसलीनचा डबा घेऊन माझ्यापाशी आली, दुसरा हात द्यायला. तिची बोटं माझ्या कपाळापर्यंत आली आणि थांबली. सणाच्या दिवशी आईच्या कपाळावरचं कुंकू पुसायचं? तिने कान आणि मान तेवढी चोपडली आणि डबा बंद केला. पहिला हात आहेच की खाली, असं तिला वाटलं. आणि तिने प्लास्टर ओतलं.

दसऱ्याला सकाळी साचा उचलायला गेली तर हलेना. पाचरी ठोकल्या, गरम पाणी सोडलं, प्रज्वलने अंगठा चेचून घेतला. नाहीच!

"धरलंय राव," तो खाली बसत म्हणाला. "विजे, आता दोनच वाटा. मानेच्या भोकातून छिन्नी घालून डोकं फोडायचं, म्हणजे साचा वाचेल. नाहीतर साचा कापायचा, म्हणजे डोकं वाचेल, पण हडळ गेली."

"साचा काप."

"वेडी झालीस का? सिनेमा जाईल हातचा."

"जाऊ दे! आईचं ते तोंड आता कुठंच नाहीये, प्रज्वल. एवढंच आहे."

आक्काबाई दारात उभी होती. फडक्याचं सगळं तिला आत्ता कळत होतं. "म्याच पुसलं गं त्ये," ती पुटपुटली आणि उलट्या पावली गेली.

ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर सुमनताई होत्या. पदराने अर्धं तोंड झाकलेलं. टेबलाजवळ येऊन त्यांनी पदर सोडला. प्रज्वलसमोर, भर उजेडात.

"कुठलं तोंड कुठंच नाही म्हणतेस?" त्या म्हणाल्या. शब्द जरा सांडत होते, पण आवाज पक्का होता.

"आई, तसं नाही…"

"तसंच आहे. तू त्या प्लास्टरकडं बघतेस आणि माझ्याकडं बघायची वेळ आली की मोबाइल काढतेस. मला काय कळत नाही होय? आण ती छिन्नी."

"मावशी, मी करतो," प्रज्वल म्हणाला.

"तू? तू तर माप द्यायच्या दिवशीच पळाला होतास! माझं तोंड आहे, मीच फोडते."

मित्रांनो, मला दुखलं का? नाही. सुमनताईंचा हात हलका होता. आधी हनुवटी गेली, मग गाल, मग नाक. विजयश्री एकेक तुकडा ओढून काढत होती आणि रडत होती. प्रज्वल साच्यावर हात धरून ओरडत होता, "हळू, मावशी, हळू! कल्ल्यांपाशी आलोय!" शेवटी माती निघाली आणि आत साचा होता, एक खवलाही न तुटलेला. फक्त कपाळाच्या जागी माझा पापुद्रा चिकटून बसला होता, त्याच्याआड कुंकू.

सुमनताईंनी हात झटकले आणि खुर्चीत बसल्या. "आता पावडर कालव. नवं माप घे. जसं आहे तसं घे, सरळबिरळ करायचं नाही."

विजयश्रीने व्हॅसलीन घेतलं आणि आईच्या भुवयांना लावायला वाकली. त्यासाठी तिला आईकडे अगदी जवळून बघावंच लागलं. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिने त्या वाकड्या ओठांच्या कडेला बोट टेकवून हळूच विचारलं, "इथं दुखतं का गं?"

"नाही," सुमनताई म्हणाल्या. "विचारलं नव्हतंस इतके दिवस, ते दुखत होतं."

हडळ पसंत पडली, बरं का! आता फळीवर नवं डोकं आहे, एका बाजूला ओढलेल्या ओठांचं, आणि त्याच्यावर नवी भुतं फार झकास बसतात. माझी फक्त मागची बाजू आणि एक कान उरलाय. त्यात प्रज्वल ब्रश ठेवतो. पण कान चांगला चालतो. दुपारी सुमनताई शेडवर येतात, टेबलाला बसून सगळ्यांबरोबर जेवतात. वरण ओघळलं तर स्वतःच हसतात. विजयश्री जेवताना त्यांच्या समोरची जागा कुणालाही देत नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी "आम्हांला जपा" म्हणायचं असतं. मी तसं म्हणणार नाही. आम्ही फुटलो तर फुटलो, आमच्यात ब्रश तरी राहतात. तुमच्या घरात कुणी तोंड फिरवून जेवत असेल, तर उठा आणि आपलं ताट घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसा.