मऊ टोकाची गोळी

"ही नको. टोकाला शिसं उघडं असतं, ती दे," बेइशेन तिसऱ्यांदा म्हणाला.

काउंटरमागच्या आनारानं पेटी परत त्याच्याकडे सरकवली. "काका, आलीय ती हीच. वरून जे पाठवतात ते मी विकते. मी काय घरी गोळ्या ओतते?"

"मागच्या वर्षी होत्या."

"मागच्या वर्षी माझी कंबरही दुखत नव्हती. गोळी ती गोळी. लागली की जनावर मरतं."

बेइशेनचं डोकं फिरलं. भल्या पहाटे निघून, दोन गाड्या बदलून तो नारिन शहरात आला होता, आणि हे ऐकायला? त्यानं पेटीतली एक गोळी उचलून तिच्या नाकासमोर धरली. टोकापर्यंत पितळी कवचानं झाकलेली, चकचकीत, कठीण गोळी. "ही लांडग्याला ठीक. आरपार जाते, कातड्याला दोन बारीक भोकं पडतात, कातडं वाया जात नाही. पण तेकेला मारली तर? चांगला घोड्याच्या शिंगराएवढा डोंगरी बोकड तो. गोळी या अंगानं आत, त्या अंगानं बाहेर, आणि तो चालू पडतो. डोंगराच्या दोन धारा ओलांडून कड्यात जाऊन मरतो. गिधाडांची चंगळ होते आणि आपण हात चोळत बसतो. त्याला मऊ टोकाचीच लागते. ती आत जाऊन फुलते, जनावर जागच्या जागी बसतं."

"आणि सशाला?"

"सशाला यातली कुठलीच नाही. छर्रे. या गोळीनं ससा मारलास तर घरी फक्त कान न्यावे लागतील."

"मग काका, यंदा लांडगाच मारा," आनारा म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

बेइशेननं ती पेटी घेतली. हिवाळ्यात लांडग्यासाठी लागणारच होती. पण परतीच्या गाडीत तो सबंध रस्ताभर स्वतःशी पुटपुटत राहिला, इतका की शेजारच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर घेतली.

त्याचं असं होतं की बेइशेन काही नावाजलेला शिकारी नव्हता. शिकारी त्याचा थोरला भाऊ, सादिर. बेइशेननं जन्मभर ट्रॅक्टर चालवला आणि सुट्टीच्या दिवशी सादिरच्या मागून डोंगर चढला. घोडे धरायचे, दुर्बीण पुसायची, मांस बांधायचं, ही त्याची कामं. सादिर गोळी झाडायचा आणि बेइशेन ओझी वाहायचा. त्यात त्याला कधी कमीपणाही वाटला नव्हता. पण आता सादिर अंथरुणाला खिळला होता, बायको आधीच गेलेली, म्हणून बेइशेनच्याच घरात खिडकीजवळ त्याची गादी घातली होती. डोळ्यांनी दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. अन्न जात नव्हतं. मेंढीचं सूप पुढं केलं की तोंड फिरवून म्हणायचा, "वास येतो." फक्त एकदा, महिन्यापूर्वी, म्हणाला होता, "तेकेचा रस्सा असता तर घेतला असता दोन घोट."

तेवढ्या एका वाक्यावर बेइशेननं अर्ज केला, खेटे घातले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर एका तेकेचा परवाना काढला. मोसम संपायला आता आठवडाही उरला नव्हता. आणि घरात मऊ टोकाची गोळी उरली होती एक. सादिरच्या जुन्या चहाच्या डब्यातली शेवटची.

"मिळाल्या?" तो घरात शिरताच सादिरनं खिडकीकडून विचारलं.

"मिळतायत कुठल्या. दुकानदारीण म्हणते, लांडगा मारा."

"एक आहे ना आपल्याकडे."

"एक आहे, दादा. एकीनं काय होणार?"

"एका जनावराला किती लागतात?" सादिर म्हणाला. त्याच्या आवाजात अजून तो जुना मिश्कीलपणा होता, आणि त्यानंच बेइशेनला जास्त त्रास व्हायचा.

गावात परवान्याची बातमी केव्हाच फिरली होती. शिकारी माल घेऊन उतरताना जो कोणी समोर येऊन "शिरालगा" म्हणेल त्याला वाटा द्यायचा, ही तिथली रीत. इथं तर लोक जनावर पडायच्या आधीच वाटे मागून बसले होते. कुणाला खोकल्यासाठी चरबी हवी होती, कुणाला दारावर लावायला शिंगं. बेइशेनची बायको झूरा म्हणायची, "अहो, तो बोकड खाली यायच्या आधीच त्याची हाडंसुद्धा वाटून झालीयत. आपल्या वाट्याला शेपटी येते का बघा."

दुसऱ्या दिवशी तो डोंगरावर निघणार, तर दारात शेजारचा मेंढपाळ एर्मेक उभा. तोंड पडलेलं.

"बेइशेन काका, लांडगा आला होता. दोन मेंढ्या गेल्या. तिसरी पाय मोडून पडली होती, ती मरायच्या आत नीट कापून घेतली. तिची मांडी आणलीय तुमच्यासाठी." त्यानं कापडात गुंडाळलेलं मांस झूराच्या हातात दिलं. "मेलेल्या दोन्ही तशाच वर टाकल्यात. आज तो त्यांच्यावर परत येणार. तुम्ही बसा ना."

"आजच? अरे, माझा मोसम संपतोय. परवाना हातात घेऊन मी तुझ्या लांडग्याची वाट बघत बसू?"

"गावात बंदूक तुमच्याकडेच आहे, काका."

"ही मांडी आधीच घेऊन आलास म्हणजे मी नाही म्हणायचं नाही, असंच ना?"

एर्मेक जमिनीकडे बघत राहिला. बोलला सादिर. "जा रे. लांडगा सगळ्या गावाचा असतो, तेके एकट्याचा. कठीण गोळी घाल, कातडं एर्मेकला दे. तेवढीच त्याची भरपाई."

बेइशेनच्या मनात आलं, तुझ्यासाठीच तर चाललो होतो रे. पण थोरल्या भावाला उलटून बोलायची सवय त्याला कधी लागलीच नव्हती. त्यानं बंदुकीत कठीण गोळी भरली. मऊ टोकाची ती एक छातीवरच्या खिशात टाकली, का कुणास ठाऊक, आणि घोड्यावर बसला.

दुपारभर तो दगडाआड पालथा पडून होता. खाली बर्फात दोन मेंढ्या पडलेल्या, त्यांच्यावर कावळे. लांडगा काही आला नाही. बोटं गारठली, दाढीवर श्वास गोठला, खिशातलं वाळलेलं आंबट चीज चघळून चघळून दात दुखायला लागले. तो मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होता. आनाराला, एर्मेकला, लांडग्याला, आणि थोड्या हळू आवाजात सादिरलाही.

मग वरच्या बाजूला एक खडा घरंगळला.

तेके होता. एकटाच, म्हातारा, काळ्या दाढीचा, पाठीवर मागं वळलेली शिंगं गाठीगाठींची. तीन आठवडे बेइशेननं दुर्बिणीतून सारे डोंगर पालथे घातले होते, तेव्हा हा कुठं होता? आणि आज आला तो गोठ्यातल्या शेरडासारखा जवळ, हाकेच्या अंतरावर, बाजू पुरी समोर करून, बर्फाखालचं गवत खुरानं उकरत.

बेइशेननं बंदूक खांद्याला लावली. नेमाचा काटा तेकेच्या खांद्याच्या जरा मागं बसला.  आणि तेव्हाच त्याला आठवलं की नळीत लांडग्याची गोळी आहे.

मारावी का? लागणार तर नक्की. बरगडीतून जाईल, निघून जाईल. तेके उडी मारेल आणि त्या मागच्या कड्यात शिरेल, जिथं घोडा जात नाही आणि बर्फात आता माणूसही जात नाही. गेल्या शरदात एर्मेकच्या पलीकडच्या गावातल्या मेव्हण्यानं असंच केलं होतं. रक्ताचा माग दोन दिवस काढला आणि शेवटी दुर्बिणीतून गिधाडं बघत बसला. पण कदाचित हृदयात लागेल. कदाचित मणक्यात. दादा दोन घोट घेईल. बेइशेनचं बोट चापावर होतं आणि त्याला मारायची होती, अगदी पोटातून मारायची होती.

त्यानं बोट काढलं. खिशातली गोळी दातांत धरली आणि नळीतली काढायला बंदुकीचा बोल्ट हळू, अगदी हळू मागं ओढला.

जुन्या बोल्टला हळू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या शांततेत तो आवाज दार आपटल्यासारखा झाला. तेकेनं मान वर केली, एक क्षण थेट त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तिथं नुसता उडालेला बर्फ होता. बेइशेननं मऊ गोळी आत सारून बंदूक परत खांद्याला लावली तेव्हा समोर रिकामा डोंगर.

तो तिथंच बसून राहिला. मुठीनं दगडावर मारलं, हात सोलवटला. मग रडू आलं, तेही रागाचं. ऊन धारेवरून सरकलं तरी लांडगा आलाच नव्हता. त्यानं गोळी काढून परत खिशात टाकली आणि उतरला.

ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांनी घोडा बघितला आणि एकीनं लांबूनच हाक दिली, "शिरालगा, बेइशेन काका!" त्यानं दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. बायका परत पाणी भरायला वाकल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात शिरला तर सादिर उशीला टेकून बसला होता. घोड्याच्या टापा त्यानं ओळखल्या होत्या. हात पुढं करून म्हणाला, "शिरालगा."

बेइशेनला काय करावं ते सुचेना. त्यानं खिशातली गोळी काढून त्या हातावर ठेवली. सादिरनं अंगठ्यानं टोक चाचपलं, शिसं ओळखलं.

"ही इथं कशी? लांडगा आला नाही?"

"तेके आला. नळीत कठीण होती. बदलायला गेलो, आवाज झाला."

"किती लांब?"

"हाकेवर."

"आणि मारली नाहीस." सादिर बराच वेळ गोळी बोटांत फिरवत राहिला. "बरं केलंस."

"काय बरं केलं?" बेइशेनचा आवाज चढला, थोरल्या भावासमोर कदाचित पहिल्यांदाच. "तुला रस्सा द्यायचा होता मला. एकदाच. शाबासकी नको होती. तुझ्या मागं घोडे धरत आयुष्य गेलं, एकदा तरी माझ्या हातचं..." 

 झूरानं चुलीवरच्या पातेल्यातून वाडगा भरला आणि सादिरपुढे ठेवला. एर्मेकच्या मेंढीची मांडी सकाळपासून शिजत होती. मेंढीचा वास साऱ्या घरात भरला होता.

सादिरनं वाडगा दोन्ही हातांनी उचलला. डोळे गेले होते, नाक शाबूत होतं. तो थांबला, मग प्यायला. थांबत थांबत, शेवटपर्यंत.

"यंदा तेके अंगानं भरलाय," तो म्हणाला. "कुणी मारला?"

झूरानं नवऱ्याकडे पाहिलं. "यांनीच, भावजी."

"मग वाटा जायला हवा. एक वाडगा एर्मेककडे पाठव. शिकार्‍यानं स्वतः न्यायचा असतो."

बेइशेनला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं, पण सादिर हसत नव्हता. झूरानं वाडगा भरला, वर कापड बांधलं आणि त्याच्या सोलवटलेल्या हातात दिला. अंगणातला बर्फ तुडवत, सांडू नये म्हणून हळू चालत, तो शेजारी गेला.

दार एर्मेकच्या बायकोनं, बुरुलनं उघडलं. बेइशेन मान खाली घालून म्हणाला, "दादानं पाठवलंय. शिकारीचा वाटा."

बुरुलनं कापड उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली. जन्मभर मेंढ्या पाळलेली बाई ती. कुणाची मेंढी, कोणती मांडी, सगळं तिला कळलं. तिनं वाडगा दोन्ही हातांत घेतला, कपाळाजवळ नेला आणि शिकाऱ्याला देतात तो आशीर्वाद रीतसर, एकही शब्द न गाळता म्हटला.

"तुमची गोळी चुकू नये, काका," ती शेवटी म्हणाली, आणि आत वळून तिनं मुलांना वाट्या आणायला सांगितलं.