घड्याळजींच्या डोळ्यातली बाई

मित्रांनो, मी डोळ्यात घालायच्या औषधाची एक जुनी बाटली आहे. अंगठ्याएवढी उंची, पांढरं अंग आणि गुलाबी टोपण. माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. आपलं आयुष्य असंच स्वच्छ, सरळ जाणार, असं मला वाटे.

मी आले एका घड्याळजींच्या घरी. त्यांच्या उजव्या डोळ्याचा पारदर्शक पडदा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी तो काढून कुणीतरी मरणोत्तर दान केलेला पडदा तिथे शिवला. तो नीट जुळावा म्हणून मी होते. दिवसातून सहा वेळा त्यांची लेक मला हलवून एकच थेंब सोडायची.

"हललात तर गालावर जाईल हं, बाबा," ती दटावायची.

थेंब सुटण्याआधी मी त्या डोळ्यावर ओणवी असे. बुबुळात खोली दिसे: खिडकी, लेकीचा हात, उघडं दार. चौथ्या दिवशी त्या दारात एक बाई दिसली. पाठमोरी. मी दाराकडे पाहिलं, तर तिथे कुणीच नव्हतं. पण घड्याळजींचा श्वास अडकला होता. त्यांनाही ती दिसली होती.

त्यानंतर दर थेंबागणिक ती थोडी थोडी वळू लागली.

घड्याळजींनी धसकाच घेतला. "आता माझं मी घालतो," म्हणून त्यांनी मला लेकीकडून घेतलं आणि बारीक स्क्रूंच्या खणात टाकलं. आठ दिवस कुणी मला विचारलं नाही. एके सकाळी लेकीने खण उघडला. घड्याळजींचा डोळा लालबुंद झाला होता.

"बाबा, ही एवढी भरलेली कशी?"

ते कोसळलेच. "दारात एक बाई दिसते मला. ती वळतेय गं. पूर्ण वळली की काय होईल?"

लेकीने दाराकडे पाहिलं. मला मुठीत घट्ट धरलं. तरी ती त्यांच्याजवळ बसली.

"डोळा तिचा असेल, तर तिचं काही बघायचं राहिलं असेल. तुम्ही तो घालवलात, तर दोघांचाही जाईल. चला दवाखान्यात."

"दोन दिवस उशीर झाला असता, तर डोळा हातचा गेला असता," डॉक्टर रागावले. आता दर तासाला थेंब. लेक एका हाताने मला धरी आणि दुसऱ्याने वडिलांचा हात. तिसऱ्या दिवशी ती बाई पूर्ण वळली. चेहरा शांत होता, पण डोळे मिटलेले.

"बाई, जपतो मी," घड्याळजी पुटपुटले.

ती गेली नाही. उंबरा ओलांडून आत आली आणि त्यांच्या उशाशी बसली.

डोळा निवळला. घड्याळजी पुन्हा काटे बसवू लागले. उघडल्यापासून महिनाभरच आम्हा बाटल्यांचं काम; आज माझी पाळी संपली. जाता जाता विनवते, मित्रांनो: डोळ्याला जपा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत औषध मनाने थांबवू नका.

मघाशी शेवटचा थेंब सोडताना मी पाहिलं. खोलीत बापलेक दोघंच होती. बुबुळात मात्र तिघं होती, आणि बाईचे डोळे उघडे होते.