बॉनेटवरच्या तीन रेघा

लातूरच्या वीरभद्र अप्पांकडे आठ अमेरिकन गाड्या होत्या आणि त्यांतली एकही चालत नव्हती. यावर गल्लीनं जेवढे विनोद करायचे तेवढे करून झाले होते. "अप्पा, चाकूरला जायचं हाय, काढा की एखादी!" असं दर आठवड्याला कुणीतरी म्हणायचंच, आणि म्हणणाऱ्याला वाटायचं की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. अप्पा हसायचे. हसण्यावाचून करतील काय? सगळ्यात मोठी गाडी होती ती वीतभराहून चार बोटं जास्त.

अप्पांचा मूळ धंदा नंबर प्लेटा रंगवायचा. पस्तीस वर्षं त्यांनी लातूरच्या मोटारसायकली, टमटम आणि ट्रॅक्टरांवर आकडे काढले. हात असा सरळ, की फूटपट्टीनं लाजावं. आता पाट्या छापूनच येतात, त्यामुळे दुकानाचं शटर एकदा खाली आलं ते आलंच. गाड्यांचा नाद मात्र धंदा जोरात होता तेव्हापासूनचा. एका गिऱ्हाइकानं दिलेल्या जुन्या कॅलेंडरवर बारा महिन्यांच्या बारा अमेरिकन गाड्या होत्या, लांबलचक, मागं पंख काढलेल्या. त्या बघून अप्पा जे खुळावले ते खुळावलेच. दुकानात पाट्यांसाठी आणलेल्या सनबोर्डचे, म्हणजे फोमच्या जाड पुठ्ठ्याचे, उरलेले तुकडे कापायचे, एकावर एक चिकटवायचे, कानशीनं घासून गोलाई आणायची, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं. काचा ॲक्रिलिकच्या, मागचे लाल दिवे रेडियमच्या कातरणाचे. एका गाडीला चार-पाच महिने सहज जात.

आणि चांदी. ह्या गाड्यांना बंपर, जाळी, दारांच्या कडा, जिकडंतिकडं चांदी लागते. ती चांदी शिवकांता पुरवायची. शिवकांता म्हणजे अप्पांची बायको. तिला आधी शुगर झाली, मग किडनीचं निघालं. दिवसाला अकरा गोळ्या. दुसरी माणसं गोळी अंगठ्यानं दाबून, पाकीट फाडून बाहेर काढतात. ही कात्री घेऊन बसायची, कड कापून गोळी अलगद काढायची आणि न फाटलेली चांदी चहाच्या रिकाम्या डब्यात सपाट करून ठेवायची. "घ्या तुमचं सामान," म्हणायची. गाडी पूर्ण झाली की ती हातात धरून चहूबाजूंनी बघायची आणि दरवेळी एकच विचारायची, "ह्याच्यात आपण दोघं मावलो असतो का वो?" अप्पा म्हणायचे, "आपण दोघं, पोरगी, जावई, अन् वर गव्हाचं पोतं." बघणारं असं एक माणूस घरात होतं आणि अप्पांना तेवढं पुरत होतं.

दसऱ्याला घरातली हत्यारं आणि वाहनं पुजायची ही रीत. शिवकांता कात्रीपासून स्कूटरपर्यंत एकालाही सोडायची नाही. विभूतीत तीन बोटं बुडवायची आणि तीन आडव्या रेघा ओढायच्या. मग गाड्यांनी काय पाप केलंय? त्यांच्याही बॉनेटवर रेघा. संध्याकाळी अप्पा त्या गुपचूप पुसून टाकायचे आणि ती बघून न बघितल्यासारखं करायची. पण मागच्या दसऱ्याला घोटाळा झाला. अप्पांनी आठवी गाडी, एकोणसाठ सालची निळी कॅडिलॅक, आदल्या दिवशी रंगाचा शेवटचा हात मारून देवघरात ठेवली होती. देवघरातच का, तर तिथं पंखा नाही, धूळ उडत नाही. ऑइल पेंट दोन-दोन दिवस ओला राहतो हे बायकोला सांगायचं मात्र राहिलं. सकाळी तिनं अंघोळ करून सगळ्यात आधी तिलाच रेघा ओढल्या. देवाजवळ बसलेली गाडी, तिचा मान पहिला.

अप्पा असे भडकले की शेजारचं दार उघडलं. "पाच महिन्याचं काम मातीत घातलंस! डोळे फुटले का तुझे?" ती विभूतीची वाटी हातात धरून उभी राहिली. "गाडी हाय म्हणून केली वो पूजा," एवढंच म्हणाली. अप्पांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं ते भाजीचं आणि दवाखान्याच्या तारखांचं. "जाऊ दे, गाडीच हाय," एवढं म्हणायला काही फार मोठं तोंड लागत नव्हतं. पण उद्या म्हणू, परवा म्हणू, असं करता करता मार्गशीर्ष आला आणि ती गेली.

ती गाडी अप्पांनी दुरुस्त केली नाही. आधी रागानं केली नाही, मग हात धजेना. राख झडून गेली, पण रंगात तीन उथळ रेघा राहिल्या, आणि मधल्या रेघेच्या शेवटी, जिथून तिनं बोट उचललं, तिथं बोटाचा ठसा. डोळ्याला भिंग लावलं की त्याची एकेक वळी दिसायची. विळीनं कधीतरी कापलेल्या जागेची बारीक तिरपी खूणसुद्धा दिसायची. तिची पातळं वाटून झाली होती. भांडी मुलीनं नेली होती. भिंतीवरच्या फोटोत स्टुडिओवाल्यानं तिला इतकी गोरी केली होती की अप्पांना ती परकीच वाटायची. खरी शिवकांता उरली होती ती त्या निळ्या बॉनेटवर, नखाएवढी. रोज दिवेलागणीला अप्पा भिंग लावून तिच्यासमोर बसायचे आणि "चुकलं माझं" म्हणायचे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एकसष्ट वर्षांचा गडी सनबोर्डच्या गाडीची माफी मागतो, हे सांगायचं तरी कुणाला?

ऑगस्टात मुलीचा, वर्षाराणीचा, नांदेडहून फोन आला. ती तिथं शाळेत शिक्षिका. पंधरा ऑगस्टला शाळेत छंदांचं प्रदर्शन होतं. "अप्पा, सगळ्या गाड्या घेऊन या. अन् आठ दिवस ऱ्हावा. एकटे बसून काय करून राहिलेत तिथं?" अप्पांना आनंद झाला, खोटं कशाला बोला. आठ महिन्यांत त्यांच्या गाड्यांकडं कुणी धड बघितलं नव्हतं. सात गाड्या त्यांनी खोक्यात भरल्या. निळी घरीच ठेवायची असं ठरवून कुलूप लावलं, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. आठ दिवस ती एकटी घरात राहणार, हे काही त्यांना सोसेना. धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून तिला पिशवीत घेतली.

एसटीत खोकं पायाशी आणि पिशवी मांडीवर. अहमदपूरला चढलेल्या एका बाईनं त्यांचं ते जपणं बघून विचारलं, "अंडे हायत का वो?" जन्मात अंड्याला न शिवलेल्या अप्पांनी "हाव" म्हणून टाकलं, म्हणजे पुढचे प्रश्न नकोत. लोह्यापर्यंत बाई बिचारी अंग चोरून बसली.

जावई संगमेश याचं नांदेडात गाड्या धुऊन चमकवायचं दुकान होतं. पाटीवर 'कार डिटेलिंग' असं झोकात लिहिलेलं. माणूस सोन्यासारखा, पण गाडीवर ओरखडा दिसला की त्याची बोटं शिवशिवायला लागत. लोकांच्या लग्नात जेवायला गेला तरी नवरदेवाच्या गाडीभोवती एक चक्कर मारून यायचा. सासूबाई गेल्यापासून सासरा एकटा राहतो याचं त्याला मनापासून वाईट वाटे, मात्र बोलायला बसला की हवापाण्याच्या पलीकडं त्याची गाडी जात नसे.

त्या संध्याकाळी सात गाड्या टेबलावर मांडल्या. संगमेशनं एकेक उचलून बघितली. मग त्याचं लक्ष पिशवीकडं गेलं. "अन् ही हो मामा? हिला का लपवली?"

"तिच्यावर डाग पडलाय," अप्पा म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? "ऱ्हाऊ द्या तिला. मांडायची न्हाई."

संगमेशनं ती फडक्यातून काढली आणि मोबाइलचा उजेड तिरपा पाडून बॉनेट न्याहाळलं. "लई भारी गाडी हाय पण," म्हणाला आणि जपून परत ठेवली. जावयाला आपल्या कामाची कदर आहे असं वाटून अप्पांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याच्या भरात त्याचं ते बघणं कशातलं आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गोदावरीच्या घाटापर्यंत फिरून आले. नऊ वाजले होते. खोलीत पिशवी होती, आत फडकं होतं, आणि गाडी नव्हती. वर्षाराणी स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. "ह्यांनी नेलीय दुकानात. तुम्हाला सांगू नको म्हणालेत. पहाटेच उठून गेले, अप्पा."

अप्पांनी चप्पल अडकवली आणि रिक्षा केली. कदाचित नुसती गिऱ्हाइकाला दाखवायला नेली असेल. कदाचित दुकान अजून उघडलंच नसेल. कदाचित दुकानात लाइटच नसेल. रिक्षावाला दोनदा म्हणाला की सिग्नल लाल आहे, मी काय करू.

दुकान उघडं होतं आणि लाइटही होती. काउंटरवर पांढऱ्या दिव्याखाली निळी कॅडिलॅक उभी होती. इतकी चमकत होती की बॉनेटमध्ये छताचा पंखा फिरताना दिसत होता. संगमेश शेजारी उभा, बाह्या वर सारलेल्या, बोटांना निळा रंग. "बघा मामा! आधी दोन हजार नंबरचा घासायचा कागद, मग कंपाउंड, मग वॅक्स. मशीन न्हाई लावली, सगळं बोटानं केलंय. तीन तास लागले. डाग कुठं होता ते आता दाखवा बरं!"

अप्पांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. रेघा नव्हत्या. मधल्या रेघेच्या टोकाची जागा त्यांना पाठ होती, तिथं त्यांनी भिंग नेलं. तिथं निळा रंग होता, स्वच्छ, त्यांनी स्वतः आयुष्यात कधी दिला नसेल इतका सुरेख. त्यांनी गाडी उजेडाकडं केली, मग उलटी फिरवली, मग पुन्हा सरळ केली. कुठंच काही नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी माती देऊन परत येताना त्यांना जे झालं नव्हतं ते आता झालं. शिवकांता गेली, हे त्यांना आत्ता कळलं.

राग तोंडापर्यंत आला. त्यातले शब्द त्यांच्या ओळखीचे होते, एकदा वापरलेले. समोर संगमेशचा चेहरा उतरत चालला होता. तीन तास खपून माणूस कौतुकाची वाट बघत उभा होता आणि कौतुक येत नव्हतं. असं उभं राहिलेलं माणूस अप्पांनी एकदा बघितलं होतं. तेव्हा त्यांनी काय केलं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"लई बेस झालं, संगमेशराव," ते म्हणाले. गाडी त्यांनी जपून काउंटरवर ठेवली. "लई मेहनत घेतलीत. माझ्यानं झालं नसतं हे."

संगमेशचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं, मी काही बिघडवलं का काय." त्यानं शेजारच्या टपरीकडं दोन बोटं दाखवून चहा मागवला.

"पुसलं कशानं?" अप्पांनी विचारलं.

"हे आपले कपडे असतात की, पिवळे. मऊ असतात."

"तो कपडा द्या मला."

"घाण झालेला कशाला, मामा? नवं पाकीट देतो फोडून."

"नवा नको. त्योच द्या."

संगमेशला काही उमगलं नाही, पण सासऱ्यानं आजवर त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं. तो त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथं तारेवर वीस-बावीस पिवळे कपडे वाळत होते, सगळ्यांतून पाणी ठिबकत होतं. "लगेच धुवावे लागतात, न्हाई तर कडक होतात," तो ओशाळून म्हणाला. "सगळे एकत्रच मशीनला टाकले मी. आता त्यातला कोणता, कसं सांगू?"

"असू द्या," अप्पा म्हणाले. "चहा येऊ द्या तुमचा, मी आलोच." आणि तारेच्या अलीकडच्या टोकाला जाऊन त्यांनी पहिला कपडा उलटून, कुठं निळा रंग लागलाय का ते बघायला घेतलं.