काळी दोनवरचा सा

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा आणि कल्पना करा. तुमच्यापुढे एक पेटी आहे, पण तिला भाता नाही. चार स्टीलचे पाय आणि भिंतीतल्या प्लगला लावलेली वायर. बटण दाबलं की आधी गरम धुळीचा वास येतो, मग सूर. हा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन तुमच्या आईबाबांहून मोठा आहे. आता पट्ट्या बघा. सात पट्ट्यांवर लाल नेलपॉलिशने सा, रे, ग, म, प, ध, नी लिहिलंय. दिसलं? मग चला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरला.

तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये कुमुदआत्या राहायची. दिवसा ऑफिस, संध्याकाळी गाण्याचा वर्ग. कॉलनीतली तमिळ, बंगाली, ओडिया, सगळी मुलं तिच्याकडे सारेगम शिकली. आता ती रिटायर झाली होती आणि क्वार्टर सोडायचं होतं. ती फरीदाबादला भावाकडे, श्रीरंगकडे जाणार होती. त्याच्या छोट्या फ्लॅटमध्ये ऑर्गनला जागा नव्हती, म्हणून त्याने तो विकायला काढला.

जुनी वाद्यं जमवणारे भल्लाजी नोएडाहून आले. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी ऑर्गन खालून-वरून पाहिला.

"वाह, सब ओरिजिनल! लेकिन ये क्या लिख रखा है? और वो भी गलत. सा तो यहाँ होता है, पहली सफेद पर. आपने काली पर लिख दिया."

"सा कहीं भी हो सकता है, भल्लाजी," आत्या म्हणाली. "जहाँ गला आराम से बैठे."

ते खरंच आहे, मुलांनो. आपल्या गाण्यात सा ज्याचा त्याने निवडायचा. आत्याच्या पहिल्या वर्गात रुचिता नावाची एक लाजाळू मुलगी होती. पांढरी एकवर सा धरला की तिचा खालचा सूर विझून जायचा. मग आत्याने सा काळी दोनवर, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवर नेला. एकीसाठी अख्खा वर्ग वर सरकला, आणि तिथेच राहिला.

भल्लाजींनी मान हलवली. "मैडम, जैसा फैक्टरी से निकला था, वैसा चाहिए. ये साफ करवा दीजिए, टेम्पो नीचे खड़ा है."

"बिल्कुल, अभी हो जाएगा," श्रीरंग म्हणाला. त्याने रिमूव्हरची बाटली आणि कापूस आपल्या मुलीच्या हातात दिला. "कादंबरी, चलो, पटकन पूस."

कादंबरी याच पट्ट्यांवर शिकली होती. ती हलली नाही.

"बाबा, रुचितासाठी अख्खा वर्ग सरकला. आपल्याला एक पलंग नाही सरकवता येत?"

"कुठे सरकवू? बाल्कनीत?"

"हो. मी झोपेन तिथे."

"डिसेंबरात? दिल्लीच्या थंडीत?"

"रजई घेऊन. टोपी घालून. यार बाबा, तुम्ही प्रयत्न तरी करा ना!"

"बाबाला यार म्हणतेस?"

"कादंबरी, बस," आत्या म्हणाली. "जागा नाही, हे खरं आहे. न्यायचा तर नेऊ दे त्यांना."

मग ती भल्लाजींकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण श्रीरंग एक पाऊल मागे सरकला. बहिणीचा हा आवाज तो लहानपणापासून ओळखत होता.

"ले जाइए. पर अक्षर नहीं मिटेंगे. न मैं मिटाऊँगी, न किसी को मिटाने दूँगी. तीस साल बच्चों की उँगलियाँ इन पर चली हैं. ये गलती नहीं है."

"फिर तो पुराने साज़ का कोई कलेक्टर नहीं लेगा, मैडम."

"न ले."

भल्लाजींनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंगने कादंबरीच्या हातातल्या बाटलीकडे.

कादंबरीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती खिडकीत ठेवून दिली. आत्याच्या फडताळातून तिने लाल नेलपॉलिश आणलं. इतक्या बोटांनी घासून 'म' अगदी फिकट झाला होता. सगळ्यांच्या देखत, जीभ दातांत धरून, तिने तो काळ्या पट्टीवर पुन्हा नीट गिरवला. आणि वाळावा म्हणून त्यावर फुंकर घालू लागली.