खोट्या नावाचा संगणक

चौतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासून निवृत्त झालेल्या बाईंनी नजरेखालून चूक जाऊ दिली नव्हती आणि सहीच्या वर खोटे राहू दिले नव्हते. गल्लीत त्यांना ‘काटेकोर’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक होते.

करविवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. पाचला मुदत संपणार होती, आणि साडेतीनपासून सरकारी संकेतस्थळाने त्यांना उंबऱ्यातच अडवून धरले होते : ‘आपल्या संगणकाची कार्यप्रणाली मान्य नाही.’ त्यांच्या जुन्या संगणकावर भाचीने एक मोफत कार्यप्रणाली बसवून दिली होती. ती इमानेइतबारे चाले. सरकारच्या यादीत मात्र तिचे नाव नव्हते.

मदतकेंद्रातल्या माणसाने बावीस मिनिटे संगीत ऐकवून फोन घेतला.

“मान्य प्रणालीचा संगणक घ्या, मॅडम.”

“सर्दी झाली की नवं नाक घेता का हो तुम्ही?”

“आणखी काही मदत करू?”

“आधी एक तरी करा!”

फोन बंद झाला. मग त्यांनी भाचीला फोनवर गाठले. ती तिच्या कचेरीतून हसत सुटली.

“आत्या, अगं ते नुसतं नाव विचारतं, आत डोकावून थोडंच बघतं? ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक खूण बदल. संगणक दुसरंच नाव सांगेल.”

“म्हणजे मी खोटं बोलू?”

“तू नाही गं, तो बोलेल.”

“माझ्या घरात राहतो तो.”

“मग बस सोवळं सांभाळत. साडेचार वाजलेत.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिले, ओठ घट्ट मिटले आणि खूण बदलली. दार सताड उघडले. तासभर ज्याला त्यांचे तोंड नको होते, ते संकेतस्थळ आता ‘सुस्वागतम्’ म्हणत होते. रकाने भराभर भरले गेले. शेवटी प्रतिज्ञा आली : ‘वरील सर्व माहिती खरी आहे.’ माउसवरचे बोट तिथेच थबकले.

“आत्या, दाब की!”

“सर्व म्हणतात गं. सर्व.”

“त्यात संगणक कुठे आला?”

“पहिल्याच रकान्यात. आपोआप भरून आलाय, खोट्या नावासकट.”

प्रतिज्ञेच्या वर एक चिमुकली चौकट होती : ‘शेरा, कमाल चाळीस अक्षरे.’ बाईंनी तीत सविस्तर कबुलीजबाब लिहिला. चौकट लालबुंद झाली. तेव्हा त्यांच्यातली मुद्रितशोधक बाह्या सरसावून उठली. आधी मदतकेंद्राची बावीस मिनिटे उडाली, मग भाची उडाली.

“हा मेला काना-मात्राही वेगळ्या मोजतो!”

“आत्या, चार छप्पन्न!”

‘नाइलाजास्तव’ गेले. ‘क्षमस्व’वर बाई क्षणभर रेंगाळल्या, तेही गेले. उरले ते एवढेच : ‘यंत्राचे नाव खोटे, बाकी सारे खरे.’

लाल रंग मावळला. बाईंनी कळ दाबली आणि पोच आली. संकेतस्थळाने शेरा निमूटपणे गिळला होता.

“झालं? वाटलं बरं?” भाचीने विचारले.

बाई चष्मा पुसत बसल्या. गालावर किंचित लाली चढली होती.

“झालं. पण काय गं,” त्यांनी उगाचच आवाज खाली आणला, “हे नाव अजून कुठे कुठे चालतं?”